जार पडायची वाट पाहू नका: थंडीतल्या वेतासाठी शेळीपालकांना सल्ला

पहिल्या पावसानंतर, जून-जुलैमध्ये ज्या शेळ्या फळल्या, त्या आता नोव्हेंबर-डिसेंबरात व्यायला येतील. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, चार-पाच दिवस मागेपुढे. म्हणजे वेत नेमकं कडाक्याच्या थंडीत. निफाड-सिन्नर पट्ट्यात पहाटेचा पारा एक आकड्यावर येतो आणि शेळी रात्री-पहाटेही व्यायला बसू शकते. सकाळी गोठ्यात जावं तर करडू आखडून पडलेलं. घरातले म्हणतात, थंडीनं गेलं.

थंडीनं मेलेली म्हणून दाखवलेली अशी कितीतरी करडं मी हाताळली आहेत. पोटावर हात फिरवला की कळतं. पोट रिकामं, पाठीला लागलेलं. चिकाचा, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाचा, एक थेंब आत गेलेला नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अजून जार पडला नव्हता ना, मग पाजणार कसं?’

जार, म्हणजे व्याल्यावर मागून पडणारी वार, पडल्याशिवाय करडू सडाला लावायचं नाही, लावलं तर जार वर चढतो, ही समजूत गावोगाव आहे. मीही ती पाळली होती. माझ्या पहिल्या वर्षी एक शेळी पहाटे व्याली, दोन पाटी, म्हणजे मादी करडं, झाल्या. वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणून करडं डालग्याखाली झाकून ठेवली. जार दुपारी पडला. डालगं उचललं तेव्हा एक संपलेलं होतं. दुसरं लावलं, पण त्याला सड तोंडात धरायचीही ताकद उरली नव्हती. तेही संध्याकाळी गेलं. इतकी वर्षं झाली, हिवाळा लागला की ते डालगं डोळ्यांपुढे येतं.

खरी गोष्ट उलटी आहे. करडू सडाला लागलं की शेळीच्या अंगात गर्भाशय आवळणारं संप्रेरक सुटतं, आणि त्यानंच जार सुटायला मदत होते. करडू लांब ठेवून आपण जार लवकर पाडत नाही, उशीर करतो.

आणि करडाचं काय होतं ते नीट समजून घ्या. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते. करडाला ती मिळत नाही. ते कोरं जन्माला येतं. आईनं जमवलेली सगळी शक्ती चिकात असते, आणि ती शोषून घेणारं करडाचं आतडं तासातासानं बंद होत जातं. १२ तासांनी शोषण बरंच कमी झालेलं असतं, २४ तासांनी दार जवळजवळ बंद. नंतर चीक पाजला तर पोट भरेल, संरक्षण मिळणार नाही. अशी करडं पंधरा-वीस दिवसांनी हगवणीनं नाहीतर फुफ्फुसदाहानं जातात, आणि तेव्हा पहिल्या रात्रीची आठवण कोणालाच होत नाही.

माप लक्षात ठेवा. वजनाच्या १० टक्के चीक पहिल्या २४ तासांत. २ किलोच्या करडाला २०० मिली, चार-पाच वेळा विभागून. पहिला ५० मिली अर्ध्या तासात, फार तर तासाभरात. चीक जास्त झाला की हगवण लागते म्हणून पहिली धार जमिनीवर पिळून टाकणारेही आहेत. हात जोडून सांगतो, टाकू नका.

व्यायच्या आधी दीड महिना:

– खुराक: शेवटच्या दीड महिन्यात रोज २५० ते ३०० ग्रॅम, दोन वेळा विभागून. मका भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा.
– खनिज मिश्रण रोज १० ग्रॅम.
– वैरण: तुरीचा, हरभऱ्याचा भुसा, शेवरी, हादगा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत.
– आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची) लस व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी, पशुवैद्यकाला विचारून.
– जंताचं औषध मनानं देऊ नका. गाभण शेळी आहे हे सांगूनच घ्या.
– गाभण शेळ्या वेगळ्या बांधा. बोकड लांब.
– वारा येतो त्या बाजूला बारदानाचे पडदे, खाली कोरडा भुसा चार बोटं जाड.

ही लस टोचतो शेळीला, तिचा फायदा करडाला पोचतो तो चिकातूनच. चीक चुकला तर ती लस करडाच्या दृष्टीनं वाया.

आता दुकानाबद्दल. गाभण शेळी म्हटलं की दुकानदार कॅल्शियमची बाटली, लिव्हर टॉनिक, करडांसाठी चिकाची पावडर असं सगळं पुढे मांडतो. शेळीला खुराक आणि खनिज मिश्रण मिळत असेल तर त्या बाटल्यांवाचून काही अडत नाही. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. पैसे घालायचेच असतील तर टिंक्चर आयोडीनची बाटली, नवं ब्लेड, जाड दोरा आणि चांगली बॅटरी घ्या. जुने सुती कपडे घरात असतातच. हे सगळं एका डब्यात घालून डबा गोठ्यातच टांगा. रात्री दोन वाजता ब्लेड शोधायला लागू नये.

वेत जवळ आल्याच्या खुणा: कास तटतटते, सडं चमकतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, चिकट पांढरट स्राव दिसतो. शेळी कळपातून बाजूला होऊन पायानं जमीन उकरते. माझा एक आडाखा आहे, पुस्तकात शोधू नका: ज्या संध्याकाळी चुलीचा धूर वर न जाता जमिनीसरपट पसरतो, त्या पहाटे थंडी कडक पडते. अशा रात्री खळगे पडलेली शेळी असेल तर झोप गोठ्याजवळच काढा.

करडू बाहेर आलं की आधी नाक-तोंडातला चिकटा बोटानं काढा. शेळीला चाटू द्या, तिच्या जोडीला आपणही कपड्यानं खसाखसा पुसा. नाळ पोटापासून दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, त्याखाली कापा, आणि टोक टिंक्चर आयोडीनच्या वाटीत बुडवा. नुसतं शिंपडू नका. राख, शेण, हळद काही लावायचं नाही.

मग लगेच सड. कास कोमट पाण्यानं पुसा. सडाच्या तोंडाशी मेणासारखी घट्ट गुठळी बसलेली असते, ती कमजोर करडाला ओढून निघत नाही. करडू लुचताना दिसतं, आपण निर्धास्त होतो, आणि आत काहीच जात नसतं. अंगठा आणि बोटानं सड हलकं दाबून गुठळी निघण्यापुरत्याच एक-दोन धारा काढा, पिवळसर, मधासारखी घट्ट धार दिसली की करडाचं तोंड तिथे लावा. घोट गळ्यातून उतरताना हाताला कळला पाहिजे. उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीची, कधी तिळी. सडं दोन आणि करडं तीन झाली की सगळ्यात बारकं मागे पडतं. त्याला आधी लावा.

आता थंड पडलेलं करडू. त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं आणि बोट चोखत नसेल तर त्याला चीक ओतू नका, तो फुफ्फुसात जाईल. आधी ऊब. कोपराला सोसेल इतक्या गरम पाण्यात मानेपर्यंत धरा, मग कोरडं पुसून गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. बंद गोठ्यात कोळशाची शेगडी ठेवू नका. धुरानं गुदमरतं आणि भुसा पेटतो. मान उभी राहिली, बोट चोखायला लागलं की चीक. काही तास उपाशी राहून मान टाकलेली असेल तर मात्र डॉक्टरांनाच बोलवा.

आई दगावली, किंवा कासेत चीकच नसेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चालतो, गाईचाही चालतो. माझ्या ओळखीच्या एक मावशी दरवर्षी पहिल्या वेताचा जादा चीक लहान बाटल्यांत भरून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, वर तारीख घालून. वापरताना बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. गॅसवर ठेवलात तर खरवस होईल, आणि त्यातलं संरक्षण जळून जाईल.

डॉक्टरांना कधी बोलवायचं:

– जोरात कळा देऊन अर्धा ते एक तास झाला आणि करडू नाही.
– एकच पाय किंवा नुसती शेपटी दिसते.
– १२ तासांत जार पडला नाही.
– व्यायच्या आधी शेळीनं खाणं टाकलं, झोकांड्या देते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आजच फोनमध्ये साठवून ठेवा. लोंबता जार ओढू नका, त्याला दगड-वीट बांधू नका. आत तुटला तर शेळी जाते. जार पडला की तो खोल पुरा, कुत्र्यापर्यंत जाऊ देऊ नका. आणि तो लोंबत असतानाही करडं कासेलाच असू द्या.