जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि त्याचे शत्रू

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांच्या गच्चीवर जास्वंद हमखास असते, आणि थंडी सरून ऊन तापू लागले की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर, म्हणजेच पिठ्या ढेकूण, दिसू लागतो. फवारणीआधी भिंगातून नीट पाहावे. कारण त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळीही तशीच पांढरी, मेणचट झालरीची असते, मात्र ती आकाराने मोठी असून अधिक चपळपणे फिरते. ती दिसल्यास फांदी तशीच सोडावी.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा, कारण गोड चिकट स्रावाच्या लोभाने त्या ढेकणांची राखण करतात. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी, फांद्या भिंतीला टेकू देऊ नयेत आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. मग ढेकणांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

एवढ्याने भागले नाही, तरच एक लिटर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचे तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण घोटून, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी, फुले टाळून फक्त किडलेल्या शेंड्यांवर फवारावे. सेंद्रिय आहे म्हणून रोज फवारण्याचा उत्साह मात्र नको. मऊ अंगाच्या मित्रकीटकांनाही साबण बाधतो.