तारेखालची सुई: ऑर्स्टेडचा प्रयोग वर्गात असा करा

चुंबकत्वाचा पाठ घेताना मी पट्टीचुंबक कपाटातच ठेवते आणि आधी नुसती तांब्याची तार होकायंत्राजवळ नेते. सुई ढिम्म हलत नाही. तांब्याला स्वतःचं चुंबकत्व नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे.

मग त्याच तारेतून वीज सोडली की सुई वळते, हाच ऑर्स्टेडचा प्रयोग. त्याला टॉर्चचा मोठा सेल आणि हातभर तार पुरते. मोटार वाइंडिंगवाल्याकडची उरलेली तार घेतलीत, तर टोकांवरचं वार्निश पॉलिश पेपरने खरवडा. बाकांना लोखंडी पाय असतात, म्हणून होकायंत्र लाकडी स्टुलावर ठेवा. मोबाइल लांब ठेवा, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

तार सुईच्या वर, दक्षिणोत्तर धरा. सगळा प्रयोग यावर अवलंबून आहे. तार पूर्व-पश्चिम असेल तर तिचं चुंबकीय क्षेत्र सुईच्याच रेषेत येतं आणि सुई एक तर हलत नाही किंवा एकदम उलटी फिरते. टोकं सेलला दोन-तीन सेकंदच टेकवा, तार तापते. प्लगची वीज कधीही वापरायची नाही.

विजेची धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली की सुईचं उत्तर टोक पश्चिमेला वळतं. आता तीच तार सुईखाली धरा: टोक पूर्वेला! इथे घाई करू नका, मुलांना भांडू द्या. वर एक दिशा, खाली उलट, म्हणजे क्षेत्र तारेभोवती गोल फिरतंय, हे कुणीतरी बोलतंच. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा धारेच्या दिशेने, तर वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेने) त्यानंतर सांगा. १८२० साली कोपनहेगनमध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेड यांनी हेच पाहिलं होतं.

मोठ्या मुलांना आकडेही द्या. १ अँपिअर धारा १ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र निर्माण करते. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० च्या आसपास असतं, म्हणून सुई साधारण २७ अंश वळते. आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत एवढ्या धारेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भागही सरकत नाहीत! त्यांची संख्याच अफाट असते.

धारा म्हणजे हलणारा विद्युतप्रभार. ‘प्रभार हललाच नाही तर?’ असं कुणी विचारलं, तर फळ्यावर चार्ज होणारा कपॅसिटर (मध्ये फट ठेवलेल्या धातूच्या दोन पट्ट्या) काढा. दोन पट्ट्यांमधली फट एकही इलेक्ट्रॉन ओलांडत नाही, तरी तिथे चुंबकीय क्षेत्र असतं, कारण फटीतलं विद्युतक्षेत्र बदलत असतं. ही भर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांची. आपल्या होकायंत्राला ते क्षेत्र जाणवत नाही, म्हणून हा भाग चित्रावरच शिकवावा लागतो.