जुनं घर पाडण्याआधी कागद पुरे केले, माझा अनुभव

गावचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं. भिंती फुगल्या होत्या. पावसाळ्याआधी पाडून नवं बांधायचं ठरलं. ठेकेदार म्हणाला, "आपलीच जागा, परवानगी कसली?" मी ऐकलं आणि छपराचे नळे उतरवायला लावले. तिसऱ्या दिवशी पंचायतीची नोटीस आली.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे समजावलं. आधी नमुना आठचा उतारा, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली आपल्या घराची नोंद बघा. बघितला तर त्यावर काकांचंही नाव. त्यांच्या संमतीशिवाय पाडलं असतं तर घरातच भांडण पेटलं असतं. काका डोंबिवलीला असतात. मी स्वतः जाऊन त्यांची सही आणली, आणि विजेचं मीटर तोडून घेण्याचा अर्जही दिला.

भूखंड 1600 चौरस फुटांच्या आतला. एवढ्याला स्वतंत्र बांधकाम परवानगी लागत नाही, पण मालकीचे कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला पंचायतीत द्यावाच लागतो.

खरा प्रश्न सेप्टिक टाकीचा निघाला. टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याची आखणी ठेकेदाराने चुन्याने करून ठेवली होती. अभियंत्याने विहिरीच्या कठड्यापासून टेप लावली: 11 मीटर. पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर हवं! त्याच विहिरीचं पाणी शेजारची दोन घरंही पितात, माझ्या पोटात गोळाच आला. खड्डा परसाच्या उताराकडे, फणसापलीकडे नेला. पाइप जास्त लागला, खर्च वाढला, हरकत नाही.

मग नवे कागद लावून अर्ज दिला. पोच पावती हातात आल्यावरच पहिली भिंत उतरवली.