आवाज मागे पडतोय की तुटतोय?

ठाण्यात घाणेकर नाट्यगृहातला कार्यक्रम असो की वाशीतला ऑर्केस्ट्रा, इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकायचा कानातला मॉनिटर) लावलेला गायक ‘आवाज मागे पडतोय’ म्हणाला की नवखा ऑपरेटर आधी नेटवर्क उचकतो. गडबड बहुधा तिथे नसते. दान्ते म्हणजे नेटवर्क केबलवरून आवाज नेणारी पद्धत; तिची लेटन्सी, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, ठरवून दिलेली असते. आवाज घेणाऱ्या उपकरणावर १ मिलिसेकंद लावला, तर आवाजाचं पॅकेट (डेटाचा तुकडा) लवकर पोचलं तरी वेळ भरेपर्यंत थांबतं आणि त्याहून उशिरा आलेलं फुकट जातं. म्हणून नेटवर्क बिघडलं की आवाज रेंगाळत नाही. टक्कन वाजतो नाहीतर तुटतो.

हिशोब मांडून पाहा. स्टेज बॉक्समध्ये माइकचा आवाज डिजिटल व्हायला साधारण अर्धा मिलिसेकंद, नेटवर्कला १, मिक्सरला १ ते २, स्टेजकडे परत जाताना नेटवर्कचा आणखी १ (हा हमखास विसरला जातो), शेवटी अॅनालॉग व्हायला अर्धा. झाले ४-५. मिलिसेकंदात ध्वनी सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मॉनिटरपासून दीड मीटरवर उभं राहिल्यासारखं. कीबोर्डवाल्याला पत्ताही लागत नाही. गायकाला मात्र स्वतःचा आवाज हाडांतून लगेच ऐकू येतो, मागून तोच इन-इअरमधून. दोन्ही एकमेकांना कापतात आणि पिंपात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं.

इथे खरा चोर लॅपटॉप. दान्ते व्हर्च्युअल साउंडकार्ड या लॅपटॉपला दान्तेशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची सेटिंगच ४, ६ किंवा १० मिलिसेकंदांची, त्यात प्लगइनचा, म्हणजे इफेक्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरचा बफर (आवाज साठवून ठेवायची जागा): ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपल म्हणजे ५.३. गायकाच्या चॅनलवर इन्सर्ट म्हणून (अख्खा आवाज त्यातूनच जाईल असा) लॅपटॉपचा कॉम्प्रेसर नकोच. रिव्हर्ब (घुमारा) सेंडवरून, म्हणजे आवाजाची वेगळी प्रत पाठवून, खुशाल द्या, तो तसाही उशिरा यायचा असतो.

टकटक असेल तर दान्ते कंट्रोलर या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उपकरणाचा लेटन्सी आलेख उघडा. खांब मर्यादेला टेकले असतील तर ०.२५ मिलिसेकंदावरून १ वर या, ०.२५ तीन स्विचपर्यंतच, १ दहापर्यंत चालतो. उपकरणं एकामागे एक माळेसारखी जोडली असतील तर प्रत्येकातला स्विच मोजा. मग स्विचवरचं वीज वाचवणारं ईईई बंद करा, त्याने झोपलेला पोर्ट सगळ्या उपकरणांची वेळ जुळवणारी घड्याळाची पॅकेटं अडवतो. क्यूओएसमध्ये (कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते स्विचला सांगणारी सेटिंग) घड्याळाच्या पॅकेटांना ५६ क्रमांक, आवाजाला ४६, प्राधान्य याच क्रमाने. वायफायवरून दान्तेचा आवाज नेऊच नका, आणि लाइटवाल्याची केबल त्याच स्विचला ‘तात्पुरती’सुद्धा लावू देऊ नका.