दोन उन्हाळे रुसलेला मोगरा

कोथरूडला आमच्या गॅलरीतला मोगरा दोन उन्हाळे नुसता पानांनी भरला, कळी एकही नाही. मी बिचारी शेणखत घालत राहिले, पाणी रोज. चूक तिथेच होती. खत-पाणी फार झालं की तो पालाच वाढवतो. कळ्या येतात नव्या फुटीच्या शेंड्याला, आणि त्यासाठी छाटणी हवी, कडक ऊन हवं.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री कधीकधी पारा 10 अंशांखाली जातो, झाड तेव्हा थबकतं. त्या दिवसांत पाणी कमी केलं. जानेवारीअखेर कुंडी उलटी केली तर मुळांचं गच्च वेटोळं, माती दिसेचना! कडेची मुळं कातरली, 12 इंची कुंडीत माती, शेणखत, थोडी वाळू भरली. फांद्या निम्म्या छाटल्या, उरलेली पानं खुडली. हात धजत नव्हता. कुंडी गच्चीवर नेली, पाच-सहा तास ऊन मिळेल अशी.

हळूहळू डोळ्याडोळ्यातून पोपटी फूट आली. पाडव्याच्या सुमारास शेंड्यांवर तांदळाएवढ्या कळ्या, तीन-तीनच्या झुपक्यात. परवा आईंच्या अंबाड्यात घरचा गजरा होता.