मालकाविना पडलेली खदान: काम सुरू करण्याआधीची तयारी

वणी, भद्रावती, राजुरा, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यात ज्या गावाच्या शिवारातली खदान कंपनीच्या दिवाळखोरीमुळे बंद पडली असेल, त्या ग्रामपंचायतीने जमीन सावरण्याच्या कामाला हात घालण्याआधी सर्वप्रथम पंचनामा करून घ्यावा. सरपंच, तलाठी आणि धुऱ्याला धुरा लागून असलेले दोन शेतकरी यांच्यासमोर पंप, केबल, कुंपण, खड्ड्यातली पाण्याची पातळी आणि मातीच्या ढिगाऱ्यांची स्थिती तारखेच्या छायाचित्रांसह नोंदवावी. आमच्या गावात हे राहून गेले. रातोरात पंप आणि तारा निघून गेल्या, आणि पुढे खड्ड्यात पाणी कधीपासून चढू लागले हे दाखवायला कोणाजवळ एक कागद नव्हता. ती चूक मला अजून डाचते.

त्यानंतर पर्यावरण मंजुरीचे पत्र, मंजूर खाणबंदी आराखडा (खाण संपल्यावर ती कशी बंद करायची आणि जमीन कशी सावरायची, याची योजना) आणि खाणीचा अखेरचा नकाशा मिळवावा. ही कागदपत्रे सहजी मिळाली नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने हा अर्ज दिवाळीनंतर लगेच गेलेला बरा. खुल्या खदानीखाली जुनी भूमिगत खाण असेल तर नकाशाशिवाय तिथे पोकलेन मुळीच उतरवू नये, कारण जुन्या बोगद्यांवरची जमीन यंत्राच्या वजनाने बसू शकते.

पैशाचा विचार याच टप्प्यावर करावा लागतो. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणबंदीसाठी खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये, महागाईप्रमाणे वाढवत, एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या बँक खात्यात, भरायचे होते, आणि त्या खात्याचा लाभार्थी कोळसा नियंत्रक, म्हणजे कोळसा मंत्रालयाखालचा केंद्रीय अधिकारी, आहे. म्हणून खात्यात किती रक्कम खरोखर जमा झाली आणि किती हप्ते थकले, हे कोळसा नियंत्रकांच्या कार्यालयाला लेखी विचारावे, आणि हा पैसा खाणबंदीचाच आहे, इतर देण्यांत तो वळवू नये, असा ग्रामसभेचा ठराव त्यांना व रिझोल्यूशन प्रोफेशनलला (दिवाळखोर कंपनीचा कारभार आणि दावे सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीला) पाठवावा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे दावे मागवणारी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि मूळ मुदत जेमतेम दोन आठवड्यांची असते, तेव्हा थकीत कराचा व पिकाच्या नुकसानीचा हिशेब आधीच तयार असावा. कंपनी विकायला निघाली तर ग्रामपंचायतीच्या कराची बाकी कामगारांच्या आणि तारण घेतलेल्या बँकांच्या मागे उभी राहते. त्यामुळे सगळी भिस्त दाव्यावर न ठेवता जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणींनी बाधित गावांसाठीचा जिल्ह्याचा निधी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) स्वतंत्र प्रस्ताव द्यावा, हे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. थंडीत पहाटे ढिगाऱ्यावर चक्कर मारावी: जिथे भेगेतून वाफ निघते, दगडावर पिवळसर थर दिसतो आणि गंधकाचा वास येतो, तिथे आत कोळसा धुमसत असतो. अशा जागी पाणी मारू नये आणि गुरे जाऊ देऊ नयेत. खुणेचे खांब रोवून नागपूरच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कार्यालयाला लेखी कळवावे. ढिगाऱ्यावर वेडी बाभूळ माजली असेल तर ती तोडण्याआधी वनविभागाला बोलवावे, कारण चंद्रपूर जिल्ह्यात अशा झुडपांत वाघ दबा धरून असू शकतो.

पाण्याची तयारी मात्र घाईने होत नाही. खड्ड्याचे आणि आसपासच्या किमान पाच विहिरींचे नमुने उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तपासून घ्यावेत. स्वच्छ काचेच्या बरणीत भरलेले खड्ड्याचे पाणी रात्रभर ठेवल्यावर तळाशी तांबूस गाळ बसला, तर लोहाची शंका धरावी आणि प्रयोगशाळेत सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, pH), सल्फेट, लोह व जडपणा मोजायला सांगावे. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. हे आकडे हाती येईपर्यंत खड्डा वीजकेंद्राच्या राखेने भरून देण्याचा कोणाचाही प्रस्ताव स्वीकारू नये.

ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, पायथ्याशी दगडी भिंत आणि भोवती चर असावा, आणि हे काम मृगाआधी संपावे, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत सगळा गाळ नाल्यात व नाल्यातून कपाशीत उतरतो. खोदकामाच्या वेळी बाजूला काढून ठेवलेली वरची काळी माती कुठे आहे ते शोधून तिच्यावर आधी कुंपण घालावे. ती वीटभट्टीला गेली तर पुन्हा मिळत नाही. करंज, कडुनिंब, सिसम, बांबू यांची रोपे आधीच सांगून ठेवावीत, खड्डे मे महिन्यात खणावेत आणि लागवड दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. चराईबंदीचा ठराव गुराख्यांना बोलावून करावा, आणि पुढची दोन वर्षे गुरे कुठे चरतील ती जागाही त्याच ठरावात लिहावी.