इंग्रजी वाक्प्रचार वापरात कसे आणावेत

इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ यांच्या याद्या जागोजागी मिळतात, आणि स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतून अर्थ ओळखण्यापुरत्या त्या कामालाही येतात. लिहिताना-बोलताना वाक्प्रचार वापरायचा असेल, तर मात्र रोज दहा पाठ करा हा सल्ला सरळ बाजूला ठेवावा.

१. निवड : वाचनात आणि ऐकण्यात पुन्हा पुन्हा येणारे पाच-सहाच वाक्प्रचार घ्यावेत.

२. अर्थ : तो शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात पाहावा, मराठीवरून ताडू नये. 'पुल समवन्स लेग' म्हणजे एखाद्याची थट्टा करणे; आपल्याकडे पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही.

३. प्रसंग : खरी अडचण इथे आहे, आणि याच टप्प्यावर मी स्वतः बराच काळ अडखळत होतो. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, एवढे सांगून यादी मोकळी होते. पण हा 'गचकणे'च्या पातळीचा प्रयोग आहे हे ती सांगत नाही, आणि मग तो सांत्वनाच्या पत्रात जाऊन बसतो, जिथे 'पास अवे' हवे असते. 'अंडर द वेदर' सर्दी-पडशासारख्या किरकोळ आजारपणाला शोभते. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाविषयी ते म्हटले, तर आपण त्याचे दुखणे हलक्यात घेत आहोत असे वाटते. मुसळधार पावसासाठी शाळेत हमखास शिकवले जाणारे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या उपहासात्मक संवादांतही आढळते; आज ते जुनाट वाटते आणि साधे 'इट्स पोअरिंग' पुरते. बैठकीत सर्वांत जास्त जपावे ते 'टेबल'ला : ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला मांडणे, तर अमेरिकेत त्याच शब्दांचा अर्थ चर्चा लांबणीवर टाकणे. म्हणून वाक्प्रचार वहीत उतरवताना अर्थाशेजारी तो कोण, कोणाला आणि कशाच्या संदर्भात म्हणतो हेही लिहावे, आणि कोशातील 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' अशा खुणा टिपाव्यात. ज्या यादीत या खुणा नाहीत ती माझ्या मते रद्दीत द्यावी.

४. रचना : काळानुसार क्रियापद बदलते, बाकीचे शब्द बदलू नयेत. कर्मणी प्रयोग जपून करावा; 'द बीन्स वर स्पिल्ड' म्हटले तरी गुपित फुटल्याचा अर्थ टिकतो, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटल्यावर कोणी मरत नाही, फक्त बादलीला लाथ बसते.

५. वापर : आधी बोलण्यात आणि अनौपचारिक ईमेलमध्ये वापरून पाहावे. एका परिच्छेदात एकच वाक्प्रचार असावा. नोकरीचा अर्ज, तक्रार आणि करार यांत एकही नसावा.